चौघे बल्ब बघत होते

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून पुन्हा प्रवासी विमानं उडू लागली तसा या सदराच्या टपालाचा सूर बदलला. २०२३ च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, तोवर सगळी पत्रं चिमणीची असायची. पाडा म्हणणारेही लिहायचे, पाडू नका म्हणणारेही, आणि मी निवृत्त एटीसीवाला, विमानांना जमिनीवरून रेडिओवर वाट सांगणारा कंट्रोलर, म्हणजे आपल्याच बाजूचा, असं दोघांनाही वाटायचं. आता लोक तिकीट काढून विमानात बसतात आणि प्रश्न आतले येतात. या महिन्यात उंचीबद्दलची पत्रं बरीच आली, बहुतेक एकाच जुन्या बातमीवरून. त्यातली निवडक घेतली आहेत. पहिलं उत्तर फार लांबलं. संपादकांनी कात्री लावली नाही, त्यांचे आभार.

प्रश्न : सर, २०१४ मध्ये मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं विमान तुर्कस्तानवर पाच हजार फूट खाली आलं आणि आत कुणाला पत्ताच नव्हता, असं मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं. एक पायलट झोपलेला, दुसरी टॅबलेटमध्ये डोकं घालून. ऑटोपायलट असताना उंची चुकतेच कशी? पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच विमानाने गोव्याला निघालोय. मिसेसनी ही बातमी ऐकली आणि आता रेल्वेचं बघा म्हणतात.
– एक निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

मिसेसना सांगा, खुशाल चला, आणि खिडकीची जागा घ्या.

बातमी खरी आहे. ऐकून डोळ्यांपुढे येतं ते चित्र मात्र तितकंसं खरं नाही. लांबच्या उड्डाणात एक वैमानिक जागा असताना दुसऱ्याने खुर्चीतच थोडा वेळ डोळे मिटायला परवानगी असते. कॅप्टन तशा विश्रांतीवर होते. टॅबलेटचंही तसंच. हल्ली नकाशे, विमानतळांचे तक्ते, वजनाचे हिशोब सगळं त्यातच असतं, आणि आपण त्यात उड्डाणाचंच काम बघत होतो असं को-पायलटचं म्हणणं होतं. विमान ३४ हजार फुटांवरून उतरत गेलं आणि अंकाराच्या कंट्रोलरने हटकलं तेव्हा उलगडा झाला. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने दोघांनाही निलंबित केलं. कुणी टवाळक्या करत नव्हतं. एक नियमाने विश्रांती घेत होता, एक काम करत होती आणि तेवढ्या वेळात विमानाकडे बघायला कुणी उरलं नव्हतं.

आता ऑटोपायलट. तो हुकमाचा ताबेदार आहे, स्वतःची अक्कल चालवत नाही. वैमानिकांच्या समोर, काचेच्या खालच्या पट्टीवर उंचीची एक छोटी खिडकी असते आणि तिच्याखाली नॉब. नॉब फिरवून ११,००० लावलं की विमान चढत जाऊन तिथे सपाट होतं. १३,००० लावलेलं राहिलं तर तितक्याच इमानदारीने १३,००० ला जातं. काही विमानांत आणखी एक खोच असते. विमान ठरलेल्या उंचीच्या जवळ येऊन नाक खाली घ्यायला लागलं, आणि नेमकं त्याच वेळी कुणी चढण्याचा वेग बदलणारं चाक हलवलं, की 'इथे थांब' हा हुकूमच सुटतो. विमान शांतपणे पुढे चढत राहतं.

मुंबईच्या एरिया कंट्रोलमधला प्रसंग सांगतो. रडारच्या पडद्यावर प्रत्येक विमानाबरोबर एक चिठ्ठी फिरते. वर विमानाचं नाव, खाली शेकडा फुटांत उंची आणि चढतंय की उतरतंय ते सांगणारा बाण. एका विमानाला आधी १३० पर्यंत चढायची परवानगी दिली होती. म्हणजे १३ हजार फूट. मग समोरून १२० वर दुसरं विमान आलं, म्हणून मी याला ११० वर थांब म्हणालो. कॅप्टनने आकडा बरोबर परत वाचला. आवाज स्वच्छ, शंकेला जागा नाही. मी दुसऱ्या कुणाशी तरी बोललो आणि नजर परत त्या चिठ्ठीवर आली तेव्हा १०९, बाण वर. मग ११०. इथे बाण गळायला हवा होता. १११, बाण वर. मी म्हणालो, 'कन्फर्म मेंटेनिंग वन वन झिरो.' एक क्षण नुसती खरखर. ११२. मग 'सॉरी, करेक्टिंग', आणि आवाजात धाप. ११३ ला बाण उलटा झाला.

नंतर कळलं ते असं. हुकूम परत वाचून झाला, विमान उडवणाऱ्या को-पायलटचा हात नॉबकडे निघाला आणि केबिनमधला फोन वाजला. एका प्रवाशाला दरदरून घाम फुटला होता, छातीत दुखत होतं. कॅप्टन फोनवर वय किती, औषध काय घेतात विचारू लागले. को-पायलट ते ऐकत होता आणि परत मुंबईला वळायचं का याचा विचार मनात सुरू झाला. खिडकीत १३० तसंच राहिलं. दोघांचंही लक्ष एका आजारी माणसाकडे होतं. कोण वाईट म्हणेल? पण तेवढा वेळ विमान सांभाळायचं काम कुणाकडेच नव्हतं.

हजार फुटांचं एवढं काय, असं विचाराल. आकाशात एकमेकांवरून जाणाऱ्या विमानांत उभं अंतर साधारण हजार फूटच असतं. पूर्वी २९ हजारांच्या वर ते दोन हजार ठेवत. २००३ पासून आपल्याकडे तिथेही हजार झालं. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात एका विमानाला १४ हजार फुटांची आणि समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५ हजारांची परवानगी होती. ते १५ हजारांवर थांबलं नाही. ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळण्याचं यंत्र, ज्याला सगळे टीकास म्हणतात, ते सक्तीचं झालं. तुम्ही गोव्याला जाल त्या विमानात ते असणारच.

आता शीर्षकातले चौघे. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ नंबरचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होतं. विमान नवं कोरं ट्रायस्टार, आत १७६ माणसं. चाकं खाली सोडली. बाजूच्या चाकांचे हिरवे दिवे लागले, पुढच्या चाकाचा लागला नाही. चाक खरंच अडकलंय की नुसता दिवा गेलाय, कळेना. कंट्रोलरने त्यांना दोन हजार फुटांवर जाऊन पश्चिमेकडे, एव्हरग्लेड्सच्या दलदलीकडे चक्कर मारायला सांगितलं. खाली एक दिवा नाही, नुसता काळोख. कॅप्टननी ऑटोपायलट लावायला सांगितलं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

मग त्या दिव्याच्या मागे सगळे लागले. को-पायलटने दिव्याची डबी बाहेर काढली, परत बसवताना ती तिरकी अडकली. कॅप्टन त्याला सांगतायत कशी फिरवायची. फ्लाइट इंजिनिअरला कॉकपिटच्या खालच्या खोलीत पाठवलं, तिथल्या दुर्बिणीतून चाक दिसतं का बघायला. कंपनीचा एक दुरुस्तीतज्ज्ञ प्रवासी म्हणून कॉकपिटमध्ये बसला होता, तोही त्याच कामाला. या धावपळीत कुणाचा तरी धक्का विमान चालवायच्या दांड्याला लागला असावा. तेवढ्या दाबाने उंची धरून ठेवणारी कळ सुटली आणि विमान इतकं हळूहळू उतरू लागलं की अंगाला जाणवणारही नाही. अडीचशे फूट खाली गेल्यावर इशाऱ्याची घंटा वाजली, अर्धा सेकंद. ती वाजली इंजिनिअरच्या टेबलापाशी, आणि इंजिनिअर खाली गेलेला. कॉकपिटच्या ध्वनिफितीत ती घंटा ऐकू येते. तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोललेलं ऐकू येत नाही.

मी कंट्रोलर, त्यामुळे माझा जीव अडकतो तो पुढच्या क्षणापाशी. मायामीच्या कंट्रोलरला पडद्यावर ९०० दिसलं. त्या काळी रडारवर उंचीचा आकडा एखाद्या फेरीला चुकीचाही दिसायचा, त्यामुळे तो बिचकला असेल. त्याने विचारलं ते साधारण असं : काय, कसं चाललंय तिकडे? त्यांना वाटलं चाकाबद्दल विचारतोय. ठीक आहे, आता वळून परत येतो, म्हणाले. त्याने 'तुमची उंची किती?' असं सरळ विचारलं असतं तर? उत्तर मिळणार नाही, तरी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण स्वतःला हे विचारून बघतो. पुढच्या काही सेकंदांत को-पायलटच्या लक्षात आलं की उंचीचं काहीतरी बिघडलंय. कॅप्टनना अजून दोन हजारच वाटत होते. १०१ माणसं मेली. चाक व्यवस्थित खाली उतरून पक्कं बसलेलं होतं. दिव्याच्या डबीतले दोन्ही बल्ब तेवढे उडाले होते.

आपल्याकडच्या पॉवरलूमवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जा. कारागीर एका मागावर वाकून तुटलेल्या धाग्याला गाठ मारतोय आणि त्याची पाठ असलेल्या मागावर टॉवेल वाया जातोय, असं रोज घडतं. तिथे नुकसान टॉवेलाचं होतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून हल्ली काही बिघडलं की कॅप्टनने पहिलं वाक्य बोलायचं ते बिघाडाबद्दल नसतं. 'विमान तू उडव, बाकीचं मी बघतो,' हे ते वाक्य. नाहीतर उलट. पण उघड, तोंडाने, नाव घेऊन. मग बल्ब जळो, प्रवासी आजारी पडो, एकाने काट्यांवरून नजर हलवायची नाही. हे शिकवणं आपोआप आलेलं नाही. ४०१ नंतर सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ ला, पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ विमान चाकाच्याच शंकेत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. तिथे दहा माणसं गेली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर बैठक बोलावली आणि कॉकपिटमधली माणसं एकमेकांशी कशी वागतात, कसं बोलतात, हा प्रशिक्षणाचा विषय झाला.

प्रश्न : काका, मी असिस्टंट लोको पायलट आहे. आमच्यात सिग्नल दिसला की मी हात करून मोठ्याने बोलतो आणि लोको पायलट तेच परत बोलतात. रात्री तीन वाजता दोघंच इंजिनात ओरडतोय हे बाहेरच्याला येडेपणा वाटेल. विमानात असं काही असतं का, की ती मोठी माणसं नुसती खुणेने बोलतात?
– एक वाचक, रेल्वे लाइन्स

मोठी माणसं तुमच्याइतकीच ओरडतात, बाबा. नवी उंची मिळाली की एक जण खिडकीत आकडा लावतो, बोट तिथेच ठेवतो आणि मोठ्याने वाचतो. दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच आकडा परत म्हणतो, तेव्हा कुठे बोट उचलायचं. ठरलेल्या उंचीला हजार फूट राहिले की पुन्हा एक पुकार : 'वन थाउजंड टू गो.' आमच्याकडून रेडिओवर गेलेला आकडा त्यांनी परत वाचायचा आणि तो बरोबर वाचला का, हे आम्ही कान देऊन ऐकायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आपण जे बोललो तेच कानाला ऐकू येतं, समोरच्याने दुसरंच म्हटलं तरी.

दहा आणि अकरा हजारांचं भांडण तर जगप्रसिद्ध आहे. 'वन झिरो झिरो' आणि 'वन वन झिरो' खरखरीत रेडिओवर सारखंच वाटतं. म्हणून आता दहा हजारांच्या लेव्हलला 'वन हंड्रेड' म्हणायची पद्धत आहे.

एक गंमत सांगतो. पुकारा रोजचा झाला की तोंड बोलतं आणि डोळे बघत नाहीत. तुमच्याकडेही हिरवा नसलेला सिग्नल सवयीने 'हिरवा' पुकारला गेल्याचे किस्से असतील. तुमचे सीनियर सांगतील. बोट दाखवायचं कारण तेच आहे. बोट नेलं की नजर मागून जाते. रात्री तीनला ओरडत राहा.

प्रश्न : विमानात बसल्यावर बराच वेळ एअर होस्टेस पुढच्या दाराशी नुसत्या बसून राहतात, मग एकदम टिंग वाजतं आणि ट्रॉल्या निघतात. ते टिंग म्हणजे काय? आणि पायलटना चहा-नाश्ता कधी देतात? माझी भाची याच नोकरीत जायचं म्हणते.
– एक गृहिणी, सात रस्ता

ताई, बरोबर टिपलंत. विमान सुटल्यापासून दहा हजार फूट होईपर्यंत, आणि उतरताना दहा हजारांच्या खाली आल्यावर, कॉकपिटमध्ये उड्डाणाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, करायचं नाही, असा नियम आहे. बाहेरून फोनही करायचा नाही, तातडीचं असल्याशिवाय. बऱ्याच कंपन्यांत ती वेळ संपल्याची खूण म्हणजे ते टिंग.

नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला. त्यामागे जे अपघात होते त्यातला एक ११ सप्टेंबर १९७४ चा, शार्लट गावचा. सकाळचं धुकं, विमान उतरतंय आणि कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंत गप्पा रंगलेल्या. धावपट्टीच्या अलीकडेच जमीन आली. ८२ पैकी ७२ माणसं गेली. वृत्तांत वाचताना अंगावर येतं ते हे की गप्पा अगदी आपल्या पारावरच्या.

चहा मिळतो, वर गेल्यावर. पण कप कुठे ठेवायचा यालाही शिस्त आहे. २०२३ च्या होळीला आपल्याच देशातल्या दोन वैमानिकांचा फोटो फिरला होता : ३७ हजार फुटांवर हातात गुजिया, आणि कॉफीचा कप मधल्या कन्सोलवर, इंजिनांच्या कळांपाशी. सण काय, करंजी काय, कुणाला आवडत नाही! पण ती कॉफी सांडली असती तर कुठे गेली असती, ते बघा. दोघांनाही ड्युटीवरून उतरवलं. मला विचाराल तर योग्य केलं.

भाचीला एक सांगा. छातीत दुखणाऱ्या प्रवाशासाठी फोन करायचाच. वर लिहिलेल्या प्रसंगात केबिनमधल्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. 'जेवण व्हेज की नॉनव्हेज' विचारायला मात्र टिंग वाजेपर्यंत थांबायचं.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. शाळेची सहल आपल्या विमानतळावर नेली होती. तिथे एका अधिकाऱ्यांनी मुलांना सांगितलं की जमिनीवर उभ्या विमानाचा उंचीचा काटासुद्धा इथे दीड हजारच्या वर दाखवतो. मुलांनी मला कारण विचारलं, मी समुद्रसपाटी सांगून वेळ मारून नेली. पण हवेचा दाब रोज बदलतो, मग काटा रोज चुकत नाही का?
– एक शिक्षक, उत्तर सोलापूर

वेळ मारून नेली नाहीत, बरोबर सांगितलंत. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फुटांच्या थोडं वर आहे आणि काटा समुद्रापासून मोजतो. म्हणून होटगी रोडवर दहा हजार फूट दाखवणारं विमान तुमच्या डोक्यावर साडेआठ हजारांच्या आसपास असतं.

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. काटा म्हणजे दाब मोजणारी डबी. ती रोज चुकेल, म्हणून तिच्या कडेला एक छोटी खिडकी असते. तिथे त्या दिवसाचा, त्या ठिकाणचा दाब लावायचा. तो आम्ही रेडिओवर देतो. वर गेल्यावर मात्र सगळी विमानं एकच ठरावीक आकडा लावतात, १०१३ मिलिबार. तो त्या दिवशी खरा नसला तरी चालतं, कारण सगळे सारखेच चुकतात आणि मधलं अंतर तेवढंच राहतं. उतरताना मात्र १०१३ काढून गावचा दाब लावावा लागतो, आणि विसरायची जागा ही.

जुलैतला दिवस धरा, बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा. दाब ९९८. विमान खाली येतंय, दाब बदलायची वेळ झाली आणि नेमकं त्याच वेळी मी रेडिओवर त्यांना वळायला सांगितलं, किंवा पुढे ढग आला. १०१३ तसंच राहिलं. फरक पंधरा मिलिबारचा, आणि एका मिलिबारला साधारण २८ फूट. काटा तीन हजार दाखवतोय, विमान खरं सव्वाचारशे फूट खाली आहे. धावपट्टी ढगाआड असेल तर सव्वाचारशे फूट म्हणजे काय, ते मुलांना गणित म्हणून घाला. बघा कोण गप्प होतं ते.

बरं, विमानातलं यंत्र आम्हाला जी उंची पाठवतं ती नेहमी १०१३ वरचीच असते आणि आमचा संगणक तिच्यात दिवसाचा दाब मिसळतो. त्यामुळे वैमानिकाची चूक त्याच्या काट्यावर दिसत नाही, आमच्या पडद्यावर दिसते. आम्ही टोकतो ते त्यामुळे.

प्रश्न : इतकं सगळं असून चुका करणाऱ्या पायलटना सरळ घरी का बसवत नाहीत? एसटीचा ड्रायव्हर मोबाइलवर बोलताना सापडला तर आपण व्हिडिओ काढून त्याला निलंबित करायला लावतो. यांना वेगळा न्याय का?
– एक वाचक, बाळे

मोबाइलवर बोलणाऱ्याला कुणीच सोडत नाही. अमेरिकेत २१ ऑक्टोबर २००९ ला सॅन डिएगोहून मिनियापोलिसला निघालेलं नॉर्थवेस्टचं विमान गाव सोडून शंभरावर मैल पुढे गेलं. तासाभराहून जास्त वेळ रेडिओवर उत्तर नाही. दोघं वैमानिक लॅपटॉप उघडून ड्युटीचं नवं वेळापत्रक समजून घेत होते. कधी उतरणार म्हणून केबिनमधून विचारणा झाली तेव्हा भानावर आले. दोघांचेही परवाने गेले, आणि त्याबद्दल माझ्या मनात दया नाही.

पण फोन आला आणि नॉब फिरवायचा राहिला, हे वेगळं. अशाला घरी बसवलं तर पुढचा तोंड उघडणार नाही, आणि मग तो नॉब, तो फोन, तो 'वन झिरो झिरो' हे सगळं कळणार कुठून? नासा १९७६ पासून एक व्यवस्था चालवते. वैमानिकाने, कंट्रोलरने किंवा मेकॅनिकने आपली चूक स्वतःहून लिहून पाठवायची. नाव काढून टाकलं जातं. मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवलेली असेल तर दंडातून सूट मिळते. दहा-अकरा हजारांचा घोटाळा केवढा मोठा आहे, ते अशाच कबुल्यांतून समजलं. आपल्याकडेही स्वेच्छेने कळवण्याची सोय डीजीसीएने ठेवली आहे. लोक अजून बिचकतात, असं माझं मत.

आणि घरी बसवायचंच तर कुणाला? १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत युबरलिंगन गावावर दोन विमानं आदळली, ७१ माणसं गेली, त्यात शाळेची मुलं बरीच. दोन्ही विमानं ३६ हजारांवर होती. झुरिकला एकटा कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेलेला, फोनच्या लाइन दुरुस्तीसाठी बंद, रडारचं कामही अर्धवट चालू. उशिरा आलेल्या एका एअरबसला उतरवायला तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत राहिला आणि फोन लागेना. इकडे धोका लक्षात आल्यावर त्याने रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. त्याच विमानातला टीकास वर जा म्हणत होता. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. तेव्हापासून जगभर पक्का नियम आहे : टीकास आणि कंट्रोलर यांच्यात टीकासचं ऐकायचं. मी त्या काळी नोकरीत होतो. आमच्या खोलीत त्या आठवड्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

त्या कंट्रोलरला २००४ मध्ये एका बापाने घरी जाऊन ठार मारलं. त्या माणसाची बायको आणि दोन मुलं त्या विमानात होती. स्विस न्यायालयाने २००७ मध्ये कंट्रोलरच्या कंपनीतल्या चौघांना दोषी ठरवलं. एका माणसाला दोन टेबलांवर बसवणारे ते, आणि न्यायालयाने बोट तिथे ठेवलं. तुमच्या एसटीवाल्याचं निलंबन झालं की त्याच्या डबल ड्युटीचं वेळापत्रक कुणी केलं होतं, तेही एकदा विचारा.

प्रश्न : सर, मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला एटीसीत यायचंय. क्लास कुठला लावू? आणि मुलींना रात्रपाळी जमते का?
– एक विद्यार्थिनी, विजापूर रोड

गणित आणि फिजिक्स घेऊन पदवी असली की एअरपोर्ट्स ॲथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह परीक्षेला बसता येतं. इंजिनिअर असलात तरी चालतं. खुल्या गटाला वयाची अट २७, तेव्हा 'एक वर्ष इकडेतिकडे' करू नका. लेखी परीक्षा पास झालात की आवाजाची चाचणी असते. त्यात सोलापुरी हेल चालतो, अडखळणं चालत नाही. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच राज्यात गोंदियाला होतं.

क्लासचं मला माहीत नाही. घरी एक करा. भावाला बसवून त्याला वर्तमानपत्रातले पाच-सहा आकडे भरभर वाचायला सांगा, मध्येच एखादा मुद्दाम चुकवायला सांगा, आणि मागे टीव्ही चालू ठेवा. चुकलेला आकडा तिथल्या तिथे पकडता आला पाहिजे. सुरुवातीला भाऊच जिंकेल.

रात्रपाळी मुलींना जमते. माझ्या शिफ्टमधल्या मुली पहाटे चारलाही कान टवकारून असायच्या. जांभया आम्ही देत होतो. अर्ज भरताना फोटो आणि सही सांगितलेल्या मापाचीच अपलोड करा, दरवर्षी कितीतरी चांगली मुलं तिथेच गळतात.